भिंत दहा फुटांची आणि वडील बोर्ड पेंटर

पत्रातला प्रश्न, थोडक्यात: मी २१ वर्षांची आहे, कोल्हापुरात जी. डी. आर्ट या चित्रकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला. आमच्या पेठेतलं वाचनालय, तालीम आणि दोन मंडळं मिळून एका शनिवारी संध्याकाळी सात ते रात्री अकरा चित्रप्रदर्शन भरवणार आहेत. वाचनालयाचा हॉल, तालमीचा वरचा मजला, शाळेचा व्हरांडा, सगळीकडे चित्रं लागणार आणि लोकांनी फिरत फिरत बघायची. 'विद्यार्थी' आणि 'स्थानिक कलाकार' असे दोन गट आहेत. मला वाचनालयात दहा फुटांची भिंत मिळाली आहे. माझे बाबा तीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवत आले. फ्लेक्स आल्यापासून ते काम जवळजवळ थांबलं, आता ते घरांच्या रंगकामाला जातात. त्यांचे दोन जुने बोर्ड माळ्यावर आहेत, ते मला माझ्या चित्रांबरोबर लावायचे आहेत. सर म्हणतात, "बोर्डकाम वेगळं, कला वेगळी. डिस्प्ले बिघडेल, मुंबईहून पाहुणे येणार आहेत." बाबा म्हणतात, "माझं काय लावतीस तिथं? लोकं हसतील." पहिल्या वर्षाला असताना मी मैत्रिणींना 'बाबा पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर आहेत' असं सांगितलं होतं, ते अजून तसंच आहे. बोर्ड लावले तर सर नाराज होतील. नाही लावले तर मला बाबांची लाज वाटते, असाच त्याचा अर्थ होईल ना?

प्रिय मुली,

तुझं मूळ पत्र वर छापलंय त्यापेक्षा बरंच मोठं होतं. काटछाट करताना एक गोष्ट लक्षात आली. माळ्यावरच्या दोन बोर्डांबद्दल तू जवळजवळ पानभर लिहिलंयस. किराणा दुकानाच्या बोर्डावरची पिवळी अक्षरं, त्यांना दिलेली तांबडी शेड, मधोमध 'श्री', खाली 'प्रो. प्रा.' आणि मालकाचं नाव, कोपऱ्यात वडिलांची इवलीशी सही. वाचताना तो बोर्ड मला दिसला. आणि तुझ्या स्वतःच्या चित्रांबद्दल काय? "काही निसर्गचित्रं आणि दोन पोर्ट्रेट." एवढंच. भिंत तुला मिळाली आहे, आणि त्या भिंतीवर तुझं काय लागणार हे मला अजून माहीत नाही. टोचायला म्हणत नाही, पण पुढे याच्याकडे परत येऊ.

आधी सरांचं बोलणं घेऊ. "बोर्डकाम वेगळं, कला वेगळी" हे वाक्य कोल्हापुरात उच्चारायला जरा धाडसच लागतं. ज्या गावात 'पेंटर' हे आडनावासारखं लावलं गेलं, तिथे! बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. घर कारागिरांचं, हात घरातच तयार झालेला, शिक्षण कुठल्या कलाशाळेत झालेलं नाही. आनंदराव आणि बाबूराव या नात्यातल्या भावांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, आणि त्या कामामुळे लोक त्यांना पेंटर म्हणायला लागले. पडदा हे मागणीचं काम होतं. मंडळीला महाल हवा तर महाल, अरण्य हवं तर अरण्य, आणि तेही ठरल्या तारखेच्या आत. बाबूराव पुढे सिनेमात गेले तेव्हा स्वतःच्या चित्रपटांची पोस्टरंही त्यांनी रंगवली. त्याच गावात आबालाल रहिमान होते, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून आलेले आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले. कोटितीर्थाच्या पाण्यावरचा उजेड रंगवत बसणारा हा माणूस आणि पडदे रंगवणारे बाबूराव, दोघांनाही कोल्हापूर आपलेच चित्रकार म्हणतं. आणखी थोडं लांब जायचं तर पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत होते, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

आता हे सगळं सरांच्या तोंडावर फेकायला जाऊ नकोस. एकतर शेवटचं वर्ष आहे. दुसरं म्हणजे हा युक्तिवाद मलाच पुरता पटत नाही. हुसेन होर्डिंग रंगवत होते म्हणून होर्डिंगला मान, बाबूराव पडदे रंगवत होते म्हणून पडद्याला मान, असं म्हटलं की तुझ्या बाबांच्या बोर्डाचा मान पुन्हा दुसऱ्या कुणाच्या तरी मोठेपणावर टांगला जातो. पत्र्यावर प्रायमर मारून, खडू लावलेला दोरा ताणून सोडून रेघा पाडायच्या, काठीवर मनगट टेकवून एका दमात वेलांटी ओढायची आणि समोरच्या फुटपाथवरून ती अक्षरं वाचता आली पाहिजेत. हे ज्याला येतं त्याला ते येतं. त्याला हुसेनचं शिफारसपत्र लागत नाही.

माझ्या माहेरी दुकान होतं. त्याचा बोर्ड रंगवायला आलेले पेंटरकाका आधी अर्धा तास नुसते बसून राहिले, चहा प्याले आणि बोटांवर काहीतरी मोजत होते. आजोबा वैतागले. मग कळलं की ते अक्षरं मोजत होते. मधलं अक्षर कुठलं ते काढून बोर्डाच्या मध्यावर आधी ते मांडलं आणि मग दोन्ही बाजूंना सरकत गेले. जोडाक्षराला जागा जास्त, 'र'ला कमी, हा हिशेब डोक्यात. पुढे कितीतरी वर्षांनी फ्लेक्सवर एकमेकांत घुसलेली आणि शेवटी चेंगरलेली अक्षरं बघितली, की मला ते बोटांवरचं मोजणं आठवायचं. असो. तुझ्या घरात हे रोजचंच असणार.

तरीही सरांच्या बोलण्यातला एक भाग मला बरोबर वाटतो. दहा फूट म्हणजे फार नाही. माऊंट आणि फ्रेम धरून मध्यम आकाराची पाच-सहा चित्रं लावली की भिंत भरली. त्यात एनॅमलमध्ये रंगवलेला चार फुटी पिवळाधमक बोर्ड आला, की तुझ्या चित्रांकडे कुणाची नजर जाणार नाही. शंभर फुटांवरून ओढून घ्यायलाच तो केलेला असतो! त्याच्याशेजारी रंकाळ्यावरची धुकट सकाळ लावणं म्हणजे हलगीशेजारी बासरी वाजवण्यासारखं आहे. सरांनी कारण चुकीचं दिलं, पण डिस्प्लेची काळजी खरी आहे.

आता बाबांकडे येऊ, कारण गाठ तिथे आहे. "लोकं हसतील" हे तू भिडस्तपणा म्हणून ऐकलंस. वरवर नको म्हणतात, आतून हवंच असेल, असं आपण घरच्यांबद्दल पटकन धरून चालतो. असेलही. पण ते मनापासून नको म्हणत असतील, हीही शक्यता मोकळी ठेव. तीस वर्षं गावभर ज्यांचं काम उघड्यावर लागलं होतं, त्या माणसाला चार तासांच्या प्रदर्शनाचं अप्रूप का वाटावं? त्यांचे बोर्ड उन्हापावसात उभे राहिले, दुकानं चालली, लोकांनी नावं वाचली, पैसे मिळाले, संपलं. आणि आज माळ्यावर जे दोन उरलेत ते कदाचित त्यांच्या दृष्टीने चांगलेही नसतील. गिऱ्हाइकाने न नेलेला बोर्ड असेल, नाहीतर दुकान बंद पडल्यावर परत आलेला. तुला जे सोनं वाटतं ते त्यांना उरलेला माल वाटत असेल. विचारलंस का कधी, हे दोनच का राहिले?

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती जरा सांभाळून म्हणते. पहिल्या वर्षाला मैत्रिणींना जे सांगितलंस ते तुला अजून खुपतंय. पत्रात ते वाक्य तू कंसात लिहिलं होतंस, मी ते कंसातून बाहेर काढलं. 'पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर' हे धड खोटंही नाही आणि धड खरंही नाही, अठराव्या वर्षी आपण सगळे असंच काहीतरी बोलतो. पण आता ते फेडायला तुला भिंत हवी आहे, असं मला वाटतं. भिंतीवर बोर्ड लावला की सगळ्यांना एकदम कळेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. यात अडचण अशी की तुझ्या माफीच्या कार्यक्रमात त्या माणसाला चार तास उभं राहावं लागेल, कशासाठी ते माहीत नसताना. लोक बोर्ड बघणार, मग बाबांकडे बघणार, तुझ्या मैत्रिणी एकमेकींकडे बघणार. हसणार कुणी नाही कदाचित. पण त्यांचं 'लोकं हसतील' अशा वेळी अगदीच चुकीचं राहत नाही.

ते काम एका चहाच्या कपावर होण्यासारखं आहे. प्रदर्शनाच्या आधीच दोघी-तिघी जवळच्या मैत्रिणींना सांगून टाक, "अगं, माझे बाबा बोर्ड पेंटर आहेत, मी तेव्हा उगाच वेगळं सांगितलं होतं." निम्म्या जणी म्हणतील, आम्हाला माहीत होतं. कोल्हापूर आहे ते, मुंबई नव्हे. आणि हे झालं, की बोर्ड लावायचा की नाही हा प्रश्न निम्म्याने हलका होईल, कारण त्यात फक्त बोर्ड उरेल.

म्हणजे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे. बोर्ड लावला नाहीस तर लाज वाटते असा अर्थ होत नाही. ज्याची लाज वाटते त्याच्या बोर्डाबद्दल कुणी पानभर लिहीत नाही.

मग करायचं काय? मला तीन वाटा दिसतात. पहिली तू काढलेलीच आहे, दोघांचं एका भिंतीवर. ती मी या वर्षापुरती तरी बाजूला ठेवीन, कारणं वर आली आहेत. दुसरी म्हणजे बाबांचा स्वतंत्र अर्ज. 'विद्यार्थी' आणि 'स्थानिक कलाकार' हे गट आयोजकांच्या सोयीचे असतात. राज्य कला प्रदर्शनातही विद्यार्थी आणि कलावंत असे वेगळे विभाग असतात, त्यावरून कुणी मोठा-लहान ठरत नाही. तीस वर्षं याच गावात हाताने रंगवणारा माणूस 'स्थानिक कलाकार' या शब्दांत बसत नसेल तर मग बसतो कोण? पण हा अर्ज त्यांनी करायचा, त्यांना वाटलं तर. तू परस्पर नाव देऊ नकोस. एवढं मात्र कर, फॉर्म घरी आणून ठेव आणि पुन्हा विषय काढू नकोस.

तिसरी वाट मला सगळ्यात आवडते. तीन इमारतींत प्रदर्शन आहे म्हणजे रस्त्यावर बाण लागणार, दारावर नाव लागणार, प्रत्येकाच्या भिंतीवर पाटी लागणार. हे सगळं मंडळ बहुतेक फ्लेक्सवर छापून घेईल आणि रविवारी सकाळी ते गुंडाळून पडेल. आयोजकांना जाऊन भेट आणि सुचव, की चित्रांचं प्रदर्शन आहे तर बोर्ड हाताने रंगवून घ्या. तुझ्या बाबांकडून, त्यांच्या दराने. दर हा शब्द ठासून म्हणते आहे, कारण मंडळाचा पहिला प्रश्न 'घरचंच आहे, जमवून घ्या की' असा येणार. नाही म्हणायचं. फ्लेक्सवाला फुकट देत नाही, मांडववाला फुकट देत नाही. दारावर त्यांचा बोर्ड लागला की आत येणारा प्रत्येक माणूस आधी त्यांचं काम वाचेल आणि मग तुझ्या भिंतीपाशी येईल. त्यांच्या कामाला साजेशी जागा तीच आहे, उघड्यावर, रस्त्याला तोंड करून. कोपऱ्यातली सही मात्र त्यांना विसरू देऊ नकोस. मंडळ नाही म्हणालं तर तुझ्या दहा फुटांवरची तुझ्या नावाची पाटी तरी त्यांच्याकडून करून घे. तिचेही पैसे दे, थोडे का असेनात. घेणार नाहीत, पण देऊ कर.

सरांना काय सांगायचं? सरळ सांग की भिंतीवर फक्त माझीच चित्रं लावते आहे आणि कुठली पाच निवडायची यासाठी मला तुमची मदत हवी आहे. निवडताना दुसरं कुणी बरोबर असलं की बरं असतं, आपल्याला आपलं सगळंच लावावंसं वाटतं. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचं फार मनावर घेऊ नकोस. ते अर्धा तास फिरतील, फोटो काढतील, रात्रीच्या गाडीने परत जातील. मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळावी म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात, आणि त्याच इमारतीबाहेर फुटपाथवर चित्रकार आपली चित्रं मांडून विकतात. तुला विसाव्या-एकविसाव्या वर्षी हॉलमध्ये छताखाली दहा फूट मिळालेत, आणि बघायला येणारे उद्याही रस्त्यात भेटणारे आहेत. ती जागा त्यांच्यासाठी सजव.

आता थोडं कामाचं. अशा पेठेतल्या, सोसायटीतल्या, गावच्या प्रदर्शनात पहिल्यांदाच चित्रं लावणाऱ्या इतरांनाही हे उपयोगी पडेल.

जागा रात्रीच जाऊन बघून ये, दिवसा नको. प्रदर्शन रात्रीचं आहे. वाचनालयात ट्यूबलाइट असेल तर काचेच्या फ्रेममध्ये आधी ट्यूबच दिसेल आणि मग चित्र. फ्रेमची वरची बाजू किंचित पुढे झुकवून टांगली की बराच फरक पडतो. पिवळा बल्ब असेल तर निळे-करडे रंग मळकट दिसतील, म्हणून शक्य असेल तर एखादा पांढरा दिवा आणि एक्स्टेन्शन बोर्ड घरून ने. खिळे मारायची परवानगी आधी विचारून घे. वाचनालयं सहसा नाही म्हणतात, मग वरच्या बाजूने आडवी काठी किंवा तार बांधून तिच्यावरून चित्रं सोडावी लागतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर आला की उभ्याने बघायला बरं पडतं. सगळ्या चित्रांचे मध्य एका रेषेत घे, वरच्या कडा जुळवत बसू नकोस. आणि रेष सरळ आली की नाही हे बघायला तुझ्या घरात ज्यांचा डोळा तयार आहे त्यांना बोलाव. बाबा खिळे ठोकायला येणार म्हणून तू थोडी ओशाळून लिहिलं होतंस. अगं, मोठ्या गॅलऱ्यांत या कामाला वेगळी माणसं ठेवतात!

प्रत्येक चित्राखाली नाव, माध्यम, आकार, वर्ष आणि किंमत लिही. जे विकायचं नाही त्याखाली तसं लिही, तोंडी सांगत बसलं की लोक घासाघीस करतात. किंमत काढताना फ्रेम, कागद, रंग यांचा खर्च पूर्ण धर, त्यावर कामाचे दिवस धर, आणि दिवसाचा दर निदान तेवढा तरी लाव जेवढा बाबा रंगकामाचा घेतात. त्याहून कमी लावलास तर कारण तुलाच सापडणार नाही. तीच किंमत मावशीला आणि तीच परक्याला. पेठेत 'हे आमच्या हॉलला दे की पोरी' असं म्हणणारे चार जण तरी भेटतील. त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढी छोटी चित्रं कमी किमतीत ठेव. ती बहुतेक संपतील, मोठं एखादं गेलं तर नशीब. पैसे घ्यायचा क्यूआर कोड चित्राशेजारी चिकटवू नकोस, टेबलावर ठेव. नऊच्या सुमारास गर्दी वाढली की भिंतीपाशी कुणीतरी हवंच, म्हणजे तुला पाणी प्यायला तरी जाता येईल. लहान मुलं फ्रेमला हात लावणारच, त्यांच्यावर ओरडू नकोस, त्यांच्या हाताला येईल तिथे काच नको.

कुणीतरी येऊन म्हणेल, "अगदी फोटोसारखं काढलंयस!" कॉलेजात या वाक्याला नाक मुरडायला शिकवतात. तू मुरडू नकोस. ते त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं कौतुक आहे. "कुठली जागा वाटते?" म्हणून विचार, मग ते त्या घाटावर लहानपणी पोहायला जायचे ते सांगतील, आणि तुला पुढच्या चित्राचा विषय मिळेल.

आणि ते सुरुवातीला सोडलेलं राहिलंच. तुझी निसर्गचित्रं कुठली, पोर्ट्रेट कुणाची? दोनपैकी एक बाबांचं आहे का, असं मला राहून राहून वाटतंय. असेल तर लावण्याआधी त्यांना दाखव आणि लावू का म्हणून विचार. ते अक्षरांच्या मापाने बघतील, नाक जरा डावीकडे गेलंय असं काहीतरी म्हणतील. ऐकून घे. नसेल, तर अजून वेळ आहे. ते ब्रश धुताना, रॉकेलचा डबा शेजारी, पाठमोरे बसले असताना एखादं स्केच करून बघ. प्रदर्शनासाठी नको, असंच.

मंडळाला बोर्डांचं सांगायला उशीर करू नकोस. प्रायमर, दोन हात एनॅमल, वर अक्षरं आणि शेड, प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो. दमट हवा असेल तर आणखी एखादा दिवस धर. निदान दहा दिवस आधी मजकूर पक्का करून बाबांच्या हातात दे. आणि प्रदर्शनाला मंडळाने काही लांबलचक नाव ठेवलं असेल तर आधी त्यांना वाचून दाखव. किती बसतं ते तेच सांगतील.

तुझी,
ताई